झेंडा दिसला की थरथरणारी दुर्बीण

मु. पो. ईट, ता. भूम
दिवाळीच्या आधीचा रविवार

श्रीमान बिभीषणराव यांना ईटच्या रामलिंगाचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

श्रीमान आणि राव एकाच ओळीत बघून तुम्ही चष्मा पुसायला घेतला असेल. पुसा. पत्र तुम्हालाच आहे आणि लिहिणारा मीच आहे, ज्यानं पन्नास वर्षं तुम्हाला ‘बिभ्या’ म्हणून हाक मारली आणि चौथीत तुमच्या पाटीवर थुंकून तुमचा भागाकार पुसला. पण आजच्या पत्रात तुम्हाला तुम्ही म्हणायचं ठरवलंय. एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती अरेतुरे करून विचारण्यातली नाही. ती मी शेवटी विचारीन. मधे कुठं हात घसरला आणि ‘तू’ लिहिलं गेलं तर जुन्या सवयीचं समजून सोडून द्या.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? निर्गुडीचा पाला बांधतात का अजून? तुमची साखर किती भरली? (चहा बिनसाखरेचा घेता आणि बशीत पेढा ठेवता, असं मागच्या आठवड्यात कळंबहून आलेल्या एका माणसानं सांगितलं. नाव सांगणार नाही, त्याला तुमच्याच आडतीवर सोयाबीन घालायचं असतं.) मी ठीक आहे. सकाळी चालतो, दुपारी पडतो, संध्याकाळी बांधावर बसतो. दीपालीची आई जाऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळं भाकरी माझी मीच थापतो. ती कधी गोल होत नाही, पण पोटात गेल्यावर कोण बघतंय.

फोन का नाही केला म्हणाल. चार वेळा केला. तुम्ही उचलता आणि हॅलोच्या आधी सोयाबीनचा भाव सांगता, मागं पोती पडत असतात, कुणीतरी ओरडत असतं, आणि मी ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतो. माझ्या मनातलं तसंच मनात राहतं. मग म्हटलं, एकतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटत ह्या गावात पाय झिजवले, लोकांची लग्नं, बाळंतपणं, नोकऱ्या सगळं पिशवीत घालून दारोदार नेलं, आणि स्वतः एक पत्र लिहिलं नाही. निवृत्त झाल्यावर तरी एक लिहावं.

उमाबाई बऱ्या आहेत. (तुमची बहीण, म्हणजे त्यांचं आधीच सांगायला हवं होतं, पण माझा हात त्या नावापाशी येऊन थांबतो.) यजमान वारल्यावर अणदूरचं सासरचं घर संपवून त्या इथं परत आल्याला सहा वर्षं झाली. तुमचं आठ एकर एकटीनं ओढतात, आणि माझं सव्वातीन एकर त्याला लागूनच, मधे एक बांध आणि बांधावर कडूलिंब. तुम्हाला आठवत असेल, त्या पहिल्या वर्षी तुम्ही मोटारसायकलला किक मारता मारता मला म्हणाला होता, रामलिंग, उमाच्या वावराकडं जरा लक्ष ठेव. ते मी ठेवलं. इतकं ठेवलं की आता त्यातूनच हे पत्र निघालंय. पुढं काय विचारायचं आहे ते तुमच्यासारख्या हुशार माणसाच्या ध्यानात आलंच असेल. पण आलं तरी पत्र मिटू नका. मधलं सगळं वाचल्याशिवाय शेवटाला अर्थ नाही. मधे दुर्बीण आहे.

झालं असं, की आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक पीक संरक्षणाच्या परवान्यावर आमच्या घरात आहे आणि सध्या ती माझ्या नावावर आहे. आजोबांनी म्हणे ओढ्यापलीकडचं डुक्कर अंगणातून टिपलं होतं. (हे आजोबाच सांगायचे, आणि त्यांच्यानंतर वडील सांगायचे, आणि डुक्कर दर पिढीत दोन वावरं लांब जायचं.) माझी कारकीर्द तुम्हाला ठाऊक आहे. वन खात्यात अर्ज, मग पंचनामा, मग परवानगीचा कागद, एवढं सगळं रीतसर करून मी आतापर्यंत नऊ बार काढले. एक पाण्याच्या टाकीला लागला. एक माझ्याच बुजगावण्याला लागला, त्याला मी माझा जुना खाकी सदरा घातला होता, बरोबर छातीत लागला, तो आयुष्यातला तेवढा एकच नेम. बाकीचे सात आभाळात गेले आणि अजून खाली आलेले नाहीत. डुकरं आता बंदुकीचा आवाज झाला की पळतसुद्धा नाहीत. नुसती मान वर करून बघतात.

मागच्या वर्षी त्यांनी उमाबाईंचा अर्धा एकर भुईमूग उलथापालथा केला. मी सकाळी गेलो तेव्हा त्या बांधावर उभ्या होत्या, कमरेला पदर खोचलेला, हातात गोफण. रडल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. माझ्याकडं वळून एवढंच म्हणाल्या, ‘परवाना तुमच्याकडं, आन नेम माज्याकडं. आसं कसं वो वाटून दिलं देवानं?’ तुम्हाला त्यांच्या गोफणीचं नवीन नाही. शंभर पावलांवरच्या बाभळीवर बसलेल्या पाखरांत दगड असा घालतात, की एकाला लागत नाही आणि सगळी उडतात. मला ते वाक्य लई लागलं. चार दिवस भाकरी करपत होती.

मग मी विचार केला, की माझं नेमकं चुकतं कुठं. हात थरथरत नाही. डोळाही बरा आहे. चुकतं ते अंतर. आता तुम्ही म्हणाल, ज्या माणसानं एकतीस वर्षं पायी टपाल वाटलं त्याला अंतर कळत नाही? कळतं, पण पायाला कळतं. डोळे बांधून सोडलं तरी मी शाळेपासून बाजारतळापर्यंतची पावलं सांगीन. पण एका जागी बसून समोर बघायचं आणि ते किती लांब आहे ते सांगायचं, हे कधी करावंच लागलं नाही. मी नेहमी तिथवर जाऊनच आलो. डुकराला काही पावलं मोजेपर्यंत थांब म्हणता येत नाही.

मोबाइलवर शोधता शोधता मला कळलं की अंतर सांगणारी दुर्बीण मिळते. तिला रेंजफाइंडर म्हणतात. डोळ्याला लावायची, बटण दाबायचं, लेझरचा किरण जाऊन परत येतो आणि काचेत आकडा उमटतो. बस्स. मला हे इतकं आवडलं की मी त्या दिवशी जेवायचंच विसरलो. इथं बसून एक काहीतरी पाठवायचं, ते जाऊन लागायचं आणि परत यायचं, हे आमच्या टपालासारखंच की! फक्त वाट बघावी लागत नाही.

त्यानंतरचे तीन महिने मी दुर्बीण निवडत होतो. बिभीषणराव, लोक लग्नाला पोरगी बघताना इतका वेळ घेत नाहीत. रोज दुपारी लिंबाखाली पडून मी शिकारीचे व्हिडिओ बघायचो. त्यात कुठल्या तरी थंड मुलखातले गोरे लोक पाल्याचं चित्र काढलेले कपडे घालून कुजबुजत बोलतात. धुकं असतं, उंच झाडं असतात, कुठंतरी पाणी वाहत असतं. कुणी काही मारेपर्यंत मला डुलकी लागायची, आणि डुलकीत मी त्या धुक्यात टपालाची पिशवी घेऊन चालत असायचो, दारं शोधत. जाग आली की लिंबाची बारीक पानं अंगावर पडलेली असायची, आणि पलीकडं उमाबाई मक्यात खुरपत असायच्या, आणि मला काही क्षण कळायचं नाही की मी कुठल्या मुलखात आहे. (खोटं कशाला सांगू, कळलं नाही तरी बरं वाटायचं.)

पहिला प्रश्न असा पडला, की सहाशे मीटरवाली घ्यावी की हजारवाली. दुकानदार सगळे हजारवाली घ्या म्हणतात. मी बांधावर बसून विचार केला की हजार मीटरवर माझं आहे तरी काय. माळावरच्या महादेवाचं देऊळ आहे, आणि त्याच्यामागं डोंगराची निळी रेघ. पण सहाशे मीटरच्या आत बघितलं तर माझं घर आलं, शाळा आली, टपाल कचेरीची जुनी खोली आली, दीपालीची आई जिथं नेली ती ओढ्याकाठची जागा आली, तुमचं वावर आलं. माझं सगळं आयुष्यच सहाशेच्या आत मावलं. लांबलांब चाललो असं वाटायचं, आणि एवढुसंच निघालं. त्याचं वाईट नाही वाटलं, उलट जवळ घेऊन बसल्यासारखं वाटलं. म्हणून सहाशेवाली.

दुसरा प्रश्न कोणत्या जातीची, हा. शिकारीच्या दुर्बिणीची जी जाहिरात होती तिच्यात एक माणूस मेलेल्या हरणाच्या शिंगांना धरून हसत होता. हरणाचे डोळे उघडे होते. मला ते बघवेना, मी घाईघाईनं पुढं सरकवलं. पुढच्या दुर्बिणीच्या चित्रात नुसतं हिरवंगार माळरान, त्यावर एकही माणूस नाही, आणि मधोमध एका काठीवर छोटासा झेंडा. मला वाटलं परदेशातलं एखादं जागृत ठिकाण असावं, देऊळ चित्रात आलं नसावं. चित्र बघून इतकं शांत वाटलं की म्हटलं हीच. नावात गोल्फ असं काहीतरी होतं, ते मी कंपनीचं नाव समजलो. (हसू नका. तुम्ही एकदा गुरांचं औषध स्वतःच्या पाठीला चोळलं होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.)

दुर्बीण आली. मी आंघोळ करून तिला हळदकुंकू लावलं आणि बांधावर गेलो. पहिल्यांदा लिंब मोजला, मग विहीर, मग शाळेची भिंत. आकडे असे अलगद उमटायचे, जणू त्या वस्तूच आपलं अंतर सांगतायत. घार मोजली, ती दर घिरटीला वेगळं सांगायची. एका ढगाला लावली तर नुसत्या रेघा आल्या. म्हणजे एवढं मात्र दुर्बिणीलाही सांगता येत नाही. मग मी माळावरच्या महादेवाच्या देवळाकडं फिरवली, तिथं पोचणार नाही हे माहीत असून. आकडा आला नाही. पण त्याच्या अलीकडं, ओढ्याच्या वळणावर म्हसोबाचं ठाणं आहे ना, त्याच्या झेंड्यावर काच आली आणि दुर्बीण माझ्या हातात थरथरली.

मी दचकलो. परत लावली, परत थरथरली. विहिरीला लावली, काही नाही. बाभळीला लावली, काही नाही. झेंड्याला लावली की थर्रर्र. अंगावर काटा आला, बिभीषणराव. आपल्याकडं देवाला कौल लावतात, उजवी पाकळी पडली की देवाचं हो आणि डावी पडली की नाही, तसा हा नव्या तऱ्हेचा कौल आहे अशी माझी खात्री झाली. देवानं आता पाकळीच्या ऐवजी लेझर घेतला, काळाप्रमाणं तोही चालतो. आणि मग, कशी कोण जाणे, दुर्बीण तुमच्या वावराकडं वळली. उमाबाईंचं मचाण आहे, त्याच्या बांबूच्या टोकाला पाखरं भिवायला त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली आहे. दुर्बीण तिथं गेली आणि थरथरली. म्हसोबापाशी थरथरली त्यापेक्षा जास्त, असं मला वाटलं.

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले असं म्हणायला हरकत नाही. मी मनात प्रश्न विचारायचो आणि दुर्बीण मचाणाकडं लावायचो. विचारू का? थर्रर्र. ह्या वयात शोभेल का? थर्रर्र. लोक काय म्हणतील? थर्रर्र. बिभ्या चिडेल का? थर्रर्र. (ह्या शेवटच्या वेळी हो म्हणजे चिडेल, की हो म्हणजे नाही चिडणार, हे ठरेना, म्हणून तो प्रश्न मी परत विचारला नाही.) देव इतक्या मोकळ्या मनानं हो म्हणतोय म्हटल्यावर घाई कशाची? रोज सकाळी एक कौल घ्यायचा आणि दिवसभर तरंगत राहायचं.

एके दिवशी उमाबाई सरळ बांधावर आल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘काय वो पोस्टमन, मला मोजताय व्हय?’ मी म्हटलं, न्हाय बा, डुकराची वाट मोजतोय. ‘डुक्कर काय माज्या मचाणावर बसलंय?’ माझी भंबेरी उडाली. मी झेंड्याचं, थरथरण्याचं, सगळं सांगून टाकलं, फक्त प्रश्न काय विचारत होतो तेवढं सांगितलं नाही. त्यांनी दुर्बीण घेतली, उलटसुलट करून बघितली आणि डोळ्याला लावली. मग परत देत म्हणाल्या, ‘मोजायचं तर सांगून मोजत जा. मानूस काय बांध हाय का?’ बरोबरच होतं ते. त्या दिवसापासून त्या वावरात असल्या की मी आधी हाक मारायचो, ‘उमाबाई, मोजतो वो!’ आणि त्या मान न वळवता हात वर करायच्या. एवढंच बोलणं व्हायचं, रोज दोनदा. तेवढ्यावर मी झोपायचो आणि तेवढ्यासाठी उठायचो. आणखी एक विचारायचो, ‘उमाबाई, जेवलात का?’ ते मात्र पहिल्यापासूनचं आहे, त्याला दुर्बीण लागली नाही.

मग माझ्या दुर्दैवानं मला शंका आली. आतल्या सेलची खूण कमी दिसायला लागली म्हणून मी कागदावरच्या नंबरावर फोन लावला. एक गोड आवाजाची पोरगी बोलली. सेलचं सांगून झाल्यावर मी सहज म्हणून थरथरण्याचं विचारलं. ती म्हणाली, सर, हे गोल्फ खेळणाऱ्यांचं मॉडेल आहे. मैदानावरचा झेंडा सापडला की ते मुद्दाम थरथरतं, खेळाडूला कळावं म्हणून. मी विचारलं, म्हणजे कुठल्याही झेंड्याला? हो सर. लुगड्याच्या चिंधीला पण? ती म्हणाली, काठीवर असेल तर हो सर. आणखी काही मदत हवी आहे का? मी म्हटलं, न्हाय बाई, आता काय मदत करणार तुम्ही.

त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या वयाची लाज वाटली. एकसष्ट वर्षांचा माणूस, खेळण्याच्या थरथरीवर संसार मांडायला निघाला होता. मी दुर्बीण पिशवीत घालून खुंटीला टांगली. तीन दिवस बांधावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणातूनच हाक आली, ‘पोस्टमन, मोजणी बंद झाली काय? आन जेवलात का?’ मी आतून म्हटलं, जेवलो. (जेवलो नव्हतो.) ‘मग भाईर या. ओढ्यात खुरं उमटल्यात. आज येत्याल ती.’

दिवस मावळायला अजून थोडा वेळ होता. ऊन तिरपं होऊन मक्याच्या तुऱ्यांवर पसरलं होतं, सगळं वावर पिवळं आणि शांत, इतकं की डुकरांचं नाव काढायला नको वाटावं. अर्धा मका काढून झालेला, अर्धा उभा. मी एका उंच जागी बसलो (कोणत्या ते इथं महत्त्वाचं नाही), बंदूक ठासून शेजारी ठेवली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. उमाबाई खाली बांधावर, गोफण आणि दगडांनी भरलेली पाटी घेऊन. बराच वेळ काही झालं नाही. बगळे गेले. ओढ्यातून गारवा यायला लागला. मला वाटत होतं, डुकरं न आली तर काय बिघडतं, अशीच बसू की दोघं.

आणि आली. सहा होती, पुढं एक मोठा काळा दांडगा. मी दुर्बीण लावली तर ती गोल्फची अवलाद, सगळ्यात जवळचं तेच मोजते. चार मीटर म्हणाली. ते माझ्या नाकासमोरचं पान होतं. परत लावली, परत पान. बंदूक घेऊ की पान बाजूला करू, दोन हातांत तीन कामं. तेवढ्यात डुकरं काढलेल्या मक्याच्या मोकळ्या जागेत आली, मधे काही उरलं नाही, आणि काचेत आकडा आला. ऐंशी. का कोण जाणे, मी तो मोठ्यानं ओरडून सांगितला. खालनं उमाबाई ओरडल्या, ‘सांगत ऱ्हा!’ मग मी सांगत राहिलो. पंच्याहत्तर! सत्तर! पासष्ट! साठला पहिला दगड सुटला तो वीतभर अलीकडं पडला. छप्पन्न! पन्नास! पंचेचाळीस! दांडगा सरळ बांधाकडं यायला लागला आणि माझा आवाज फाटला, पण आकडा मी सोडला नाही. चाळीस! गोफण कडाडली. दगड त्याच्या नाकाडावर बसला. तो जागच्या जागी असा फिरला, की मागची पाच त्याच्यावर आदळली, आणि सगळी ओढ्याच्या पलीकडं. त्या दिवसापासून आजपर्यंत दोन्ही वावरांत एक खूर उमटलेलं नाही.

बंदुकीचा बार तसाच राहिला. उमाबाईंनी गोफण गुंडाळली, कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘तुमी आकडा सांगत जावा, म्या दगुड सोडते. बंदूक ऱ्हाऊ द्या घरी.’ आता तुम्हीच सांगा बिभीषणराव, ह्या बोलण्याला काय म्हणायचं? मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लिंबाखाली पडून त्याचाच विचार करत होतो. हे कुणी खेळाडूंसाठी बनवलेलं नव्हतं. सेलवर चालत नव्हतं.

बाकी इकडं सर्व ठीक. पाऊस पुरेसा झाला. तुमचा मका चांगला आहे, पोती भरून ठेवली आहेत. वहिनींना नमस्कार, त्यांना म्हणावं निर्गुडी लागली तर इकडं ओढ्याला भरपूर आहे. कळावे, लोभ आहे तसा ठेवावा, आणि पुढचं वाचून झाल्यावरही ठेवावा, ही विनंती.

तुमचा,
रामलिंग

ता. क. कंपनी दुर्बीण बदलून शिकारीची देते म्हणते. बदलावी का? तुमचं मत कळवा. माझं मत असं, की मला शिकार बहुतेक कधी करायचीच नव्हती.

ता. क. दुसरा. विचारायचं राहिलंच. (राहिलं नाही, तीन पानं पुढं ढकललं.) बिभीषणराव, उमाबाईंनी आणि मी एका चुलीवर जेवावं असं माझ्या मनात आहे. रीतसर, चार माणसांसमोर, देवळात. पळून जाण्याचं वय नाही आणि लपून राहण्याचा स्वभाव नाही. दीपालीला विचारलं, ती फोनवर रडली आणि म्हणाली, आबा, मला वाटलं तुम्ही कधीच विचारणार नाही. लोक बोलतील हे मला माहीत आहे, आडतीवर बसून ते तुम्हाला ऐकावं लागेल हेही माहीत आहे. त्यासाठीच आधी तुम्हाला विचारतोय. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत विचारणार नाही. पण मला लई वाईट वाटेल, बिभ्या. लई.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालात टाकायला मी उमाबाईंच्या हाती देतोय, त्या उद्या भूमला चालल्यात. त्यांनी पाकिटात खायचं काही घातलं असेल तर ते वहिनींसाठी आहे. तुम्ही खाऊ नका.

(पुढचं दुसऱ्या हाताचं, पेन्सिलीनं.)

दादा, मी उमा. सातवीपस्तोर शिकवलंस त्याचा आज उपेग करते. हे पत्र म्या वाचलं. लई लिवलंय, निम्मं खरं हाय. डुकरं आली तवा पोस्टमन लिंबाच्या झाडावर चढून बसले व्हते आन बंदूक फांदीला आडकवली व्हती. उतरायला म्या शिडी लावली. पर आकडा एकबी चुकला न्हाय, आन आवाज फाटला तरी सांगायचं सोडलं न्हाय, त्ये खरं.

दुसरं म्हंजी विचारलं त्यांनी न्हाय, म्या. शिडी लावली तवाच. त्ये व्हय म्हनाले आन वरच बसून ऱ्हायले. मंग म्हनले, आदी बिभीषणला विचारतो. तवापसनं लिवत्यात. दोन वह्या संपल्या.

दादा, माजं ठरलंय. दिवाळी झाल्यावरचा सोमवार, म्हादेवाच्या देवळात, सकाळी. तुला विचारत न्हाय, सांगते. सहा वरसं तुज्या वावरात राबले. पोती भरली का म्हून तुजा फोन यायचा. उमे, जेवलीस का, आसं तू एकदाबी विचारलं न्हाईस. तुज्यावर राग न्हाय माजा, तुला सुचलं नसंल. ह्या मानसाला रोज सुचतं.

तू ये. वैनीला घेऊन ये. तू आलास तर माजं मन भरंल. न्हाय आलास तरी लगीन व्हनार हाय.